पुरवण्या सांगणारे कंट्रोलर

त्यांना चहा घेणार का असं विचारलं तर ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. आधी विचारत, "कोन कोन घेऊन राह्यलं?" मग, "खालून येनार हाय का इथंच मांडनार?" आणि या दोन्हींची उत्तरं मिळाली की तिसरा प्रश्न, "दूध सकायचं हाय का आत्ताचं?" एवढी चौकशी झाल्यावर ते शांतपणे सांगत, "मंग मले नको." सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. पुढे कळलं की समोरच्याला दोन-तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना उत्तर देताच येत नसे. अठ्ठावीस वर्षं ते बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसले होते. आधी पांढरकवड्याला, मग उमरखेडला, शेवटची काही वर्षं यवतमाळला. त्या खुर्चीवरच्या माणसाला आमच्याकडे कंट्रोलर म्हणतात. निवृत्त होऊन आमच्या ऑफिसात आले तरी ते कंट्रोलरच राहिले.

आमचं ऑफिस म्हणजे आर्णी रोडवर मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. आम्ही सहा जण शाळांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. दाखलखारीज म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदी, हजेरी, गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला एवढं त्यात मुळातच होतं. त्यापलीकडे कोणाला काही जास्तीचं हवं असेल, म्हणजे पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, वेळापत्रक, तर त्यासाठी वेगळे छोटे प्रोग्राम जोडता यायचे. काही आम्ही केलेले, बरेच बाहेरच्या लोकांनी. आम्ही त्यांना ॲड-ऑन म्हणायचो. शाळेतल्या बाबूंना, म्हणजे कारकुनांना, आणि बाईंना हा शब्द काही केल्या पचत नव्हता. कंट्रोलर आले आणि पंधरा दिवसांत त्यांनी त्याचं नाव पुरवणी करून टाकलं. परीक्षेत पेपर कमी पडला की दोऱ्यानं बांधतात ती पुरवणी. त्यानंतर एकाही शाळेनं फोन करून हा प्रकार काय आहे असं विचारलं नाही.

ते आमच्याकडे आले ते तक्रार घेऊन. त्यांची मुलगी बाभुळगावला एका खाजगी शाळेत शिक्षिका होती. या पुरवण्या जिथून घ्यायच्या त्या आमच्या इंटरनेटवरच्या पानावर तिनं 'निकाल' असं लिहून शोधलं. समोर पन्नासच्या वर नावं आली. तिनं ज्याला सगळ्यांत जास्त तारे होते ते घेतलं आणि सातवीच्या सगळ्या निकालपत्रकांवर आडनावं आधी आणि तीही इंग्रजीत छापून आली. वडील दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिचा लॅपटॉप कापडी पिशवीत घालून यवतमाळला आले. त्या दिवशी मी समोरच बसले होते.

आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, वयानं त्यांच्या मुलाएवढे. सरांनी त्यांना खुर्ची दिली. कंट्रोलर बसले नाहीत. लॅपटॉप उघडून त्यांनी ती नावांची लांबलचक यादी दाखवली.

"यातली माह्या पोरीसाठी कोनती?"

"ते त्यांनी ठरवायचं, काका," सर म्हणाले. "आम्ही सगळे पर्याय समोर ठेवतो."

"सगळे त पाटीवर बी असतात. कोनती गाडी, कोनत्या टायमाले, कुठून. पाटी समजली असती त मानूस खिडकीवर आला असता कायले?"

मुलीचं काम आम्ही तासाभरात करून दिलं. कंट्रोलर जिन्यानं उतरून गेल्यावर सर बराच वेळ ती यादी वरखाली करत बसले आणि महिना संपायच्या आत त्यांना शोधत बाभुळगावला गेले. कामाचं नाव काय द्यायचं ते कोणालाच ठरवता आलं नाही. हजेरीपटावर शेवटपर्यंत त्यांच्या नावापुढची जागा कोरी होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी आपलं टेबल फिरवून घेतलं. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसायचो. त्यांना जिना दिसायला हवा होता. कोणी वर चढायला लागलं की निम्म्या पायऱ्यांवरच त्याला त्यांचा आवाज गाठायचा, "कुठं जायचं?" हा प्रश्न त्यांच्या तोंडातून आपोआप निघे. पार्सल घेऊन येणारे दचकायचे. आवाजही खिडकीतलाच होता, स्वच्छ आणि गरजेपेक्षा दुप्पट मोठा. कोणाचंही नाव ते दोनदा घेत. पहिल्यांदा घेतलेलं गोंगाटात जातं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे घडीचं एक लहान स्टूल होतं. ते काखेत मारून ते शाळाशाळांत जायचे. तिथल्या बाबूच्या मागे स्टूल मांडून तासन्‌तास बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. बाबू चुकला तरी नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. एक बाई दहा मिनिटं चुकीच्या जागी शोधत होत्या. मला राहवेना, मी उठायला लागले, तर त्यांनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमी सांगतलं असतं त त्यायचं काम झालं असतं. पन आपल्याले कसं कळलं असतं का त्या कुठं चुकतात?"

लोक शोधायच्या चौकटीत काय काय लिहितात ते कंट्रोलर एका वहीत उतरवून आणायचे. आम्हाला वाटायचं लोक 'हजेरी' लिहितात, 'गुणपत्रक' लिहितात. त्यांच्या वहीतले शब्द वेगळेच होते. 'बाईंनी सांगितलेलं.' 'पगारबिल होत नाही.' 'साहेब येणार आहेत.' एका मुख्याध्यापकांनी नुसतं लिहिलं होतं, 'मागच्यासारखं.' आम्ही हसलो. कंट्रोलर हसले नाहीत. म्हणाले, "यात हसाचं काय हाय? त्याले मागच्या साली जे घेतलं तेच पाह्यजे. तुमाले मालूम नाही काय त्यानं मागच्या साली काय घेतलं?" आम्हाला माहीत होतं. सगळं आमच्याकडे नोंदलेलं होतं. मग आम्ही तसं करून दिलं. 'मागच्यासारखं' लिहिलं की त्या शाळेनं आधी घेतलेल्या पुरवण्या समोर यायच्या. तो शब्द आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक लिहीत होते.

'साहेब येणार आहेत' याचंही त्यांनी उत्तर काढलं. तपासणीच्या वेळी जी चार पत्रकं मागतात ती एकत्र काढून देणारी एक पुरवणी होती, पण तिचं नाव इतकं भारदस्त होतं की ती कोणाला सापडतच नव्हती. आता हे शब्द लिहिले की तीच वर यायची.

ताऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. मी त्यांना समजावून सांगितलं की तारे म्हणजे लोकांचं मत, जे जास्त लोकांना आवडलं ते वर यावं, सगळ्या जगात असंच करतात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडीले गर्दी हाय म्हंजे ती तुमच्या गावाले जाते असं नाही ना." पुढच्या आठवड्यात आम्ही तारे खाली नेले आणि ताऱ्यांच्या जागी 'तुमच्यासारख्या शाळा' अशी एक ओळ आली. मराठी माध्यम, दोनशेच्या आत मुलं, एकच बाबू. अशा शाळांनी काय घेतलं आणि घेऊन ठेवलं, काढून टाकलं नाही, ते आधी दाखवायचं. ही 'काढून टाकलं नाही'ची अटही त्यांचीच. "चढले किती ते मोजू नका. मधातच उतरले किती ते पाह्या."

पन्नास नावांची यादी तीन नावांवर आणायला मात्र वर्ष लागलं. सर घाबरत होते. बाहेरचे लोक पुरवण्या करून देतात, त्यांची नावं दिसली नाहीत तर ते का करतील? कंट्रोलरांचं म्हणणं एवढंच होतं की खिडकीवर चौथं नाव सांगितलं की माणूस पहिलं विसरतो. शेवटी तडजोड झाली. तीन नावं समोर, बाकीची खाली दाबल्यावर. आणि काहीच जुळत नसेल तर तसं साफ सांगायचं. आधी आमचं पान काहीतरी जवळपासचं दाखवायचंच, कोरं दिसायला नको म्हणून. हे त्यांना अजिबात पटत नव्हतं. "गाडी नाही, हे बी उत्तर हाय," ते म्हणायचे. "मानूस घरी जाते, जेवते, दुसरं काही पाह्यते. नाहीतर उगाच स्टँडवर बसून राह्यते."

ते एवढा हट्ट का करतात ते मला एका दुपारी कळलं. नागपूरचा एक जण आला होता. त्याची हजेरीची पुरवणी सगळ्यांत वर दिसावी असं त्याला वाटत होतं आणि त्यासाठी तो सरांना बरंच काही कबूल करून गेला. सर दोन दिवस विचारात होते. कंट्रोलर त्यांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"साहेब, पांढरकवड्याले असताना एक खाजगी गाडीवाला मले रोज चहा पाठवे," ते म्हणाले. "बदल्यात काही मागे नाही. पन चहा पेल्यावर आपल्या तोंडातून त्याच्या गाडीचं नाव निंगते. एक बाई आली. सोबत लेकरू. तिचा बाप वारला होता, मातीले जायचं होतं. मी तिले त्याची गाडी सांगतली, लवकर सुटते म्हनून. ती गाडी फाट्यावरूनच वळे, गावात जाये नाही. मले मालूम होतं. पन त्या टायमाले आठवलं नाही. फाट्यावरून सहा किलोमीटर चालत गेली ते. पोचली तवा सगळं उरकलं होतं."

"तुम्हाला कसं कळलं?" सरांनी विचारलं.

"वापस जाताना ती खिडकीवर आलती. भांडली नाही. म्हने, साहेब, ते गाडी गावात जात नाही, दुसऱ्या कोनाले सांगू नका."

नागपूरच्या माणसाला सरांनी नाही कळवलं. कंट्रोलर बाहेर येऊन आपल्या जागेवर बसले आणि नेहमीसारखे जिन्याकडे बघत राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी तो नियम आणला. प्रत्येक पुरवणीच्या नावाखाली ती काय करते याची एक ओळ असायचीच. तिच्याखाली दुसरी ओळ आली : ही कोणी घेऊ नये. पुरवणी करणारे ही ओळ द्यायला तयार नसत. मग कंट्रोलर स्वतः प्रत्येक पुरवणी वापरून बघत आणि ओळ लिहीत. 'दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेनं घेऊ नये.' 'इंटरनेट रोज नसेल तर घेऊ नये.' त्यांचं अक्षर टपोरं होतं, वाक्यं लहान. शब्द अडला तर ते मला विचारत. तोवर ते मला मॅडम म्हणायचं सोडून बेटा म्हणायला लागले होते.

आता जे सांगायचं आहे त्यात माझा भाग मोठा आहे.

मी पुण्याला डिझाइन शिकून आले होते. वडील इथेच कचेरीत, म्हणून परत आले. पान कसं दिसावं हे माझं काम होतं आणि मला ते येत होतं. शाळा उघडायच्या सुमारास आम्ही तेच पान फोनसाठी नव्यानं केलं, कारण लोक आता फोनवरूनच शोधायला लागले होते. लहान पडद्यावर प्रत्येक पुरवणीची एक चौकट. सगळ्या चौकटी एकसारख्या उंचीच्या असाव्यात असा माझा आग्रह. त्यात नाव बसलं, चित्र बसलं, पहिली ओळ बसली. दुसरी बसेना. मी ती 'अधिक वाचा'च्या मागे टाकली. त्या आठवड्यात कंट्रोलर मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होते. परत आल्यावर त्यांनी मोठ्या संगणकावर पान पाहिलं, तिथं ओळ जागेवर होती. फोनवर काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. लपवलं असं नाही, पण सांगितलंही नाही.

पांढरकवड्याच्या पुढे जंगलाच्या बाजूला मुलींची एक आश्रमशाळा आहे. तिथल्या बाबूंनी नव्या वर्षासाठी हजेरीचा पट उघडायचा म्हणून फोनवर शोधलं, 'नवीन वर्ष हजेरी.' पहिलंच नाव आलं, 'नवे वर्ष, स्वच्छ पट.' खालची ओळ, 'नव्या वर्षाची हजेरी एका दाबात सुरू करा.' बाबूंनी दाबलं. कंट्रोलरांनी लिहिलेली दुसरी ओळ अशी होती : 'ही आधीची सगळी हजेरी पुसते. मागची लागणार असेल तर घेऊ नये.' ती 'अधिक वाचा'च्या मागे होती.

दोन वर्षांची हजेरी गेली. शाळेच्या नोंदींची एक नक्कल रोज आमच्याकडे येत असे, पण पुसल्यानंतरची नक्कल जुनीच्या जागी येऊन बसली होती. वरच्या वर्गांचे कागदी पट शाळेनं आमच्याच भरवशावर बंद केले होते. दहावीच्या मुलींच्या परीक्षेच्या अर्जासाठी मागच्या वर्षाची हजेरी लागणार होती आणि हे लक्षात आलं तेव्हा अर्जाला तीनच आठवडे उरले होते. मुख्याध्यापकांनी बाबूंना कारणे दाखवा नोटीस दिली होती.

सरांनी आम्हाला सगळ्यांना खोलीत बोलावलं. "ही ओळ होती की नव्हती?"

"ओळ होती," कंट्रोलर म्हणाले. "फोनवर दिसत नव्हती."

सरांनी पुढे काही विचारलं नाही. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. कंट्रोलर माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी सातची गाडी. पांढरकवडा. पांढरकवडा. कपडे चार दिवसाचे घेजो."

बाबू पस्तीस-चाळीसचे होते. नोटीस त्यांनी घडी करून खिशात ठेवली होती आणि बोलता बोलता ती चाचपत होते. त्यांनी आम्हाला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, माह्यंच चुकलं. मी वाचलं नाही बराबर. घरी बी बायको तेच म्हनते, तुमी काहीच पुरं वाचत नाही." मी बॅगेतून लॅपटॉप काढला.

थोड्या महिन्यांच्या छापील प्रती सापडल्या. बाकी काहीच नव्हतं. शिक्षकांना आठवून लिहायला सांगावं असं मुख्याध्यापकांचं मत पडलं. कंट्रोलर म्हणाले, तसं केलं तर ते खोटं होईल. मग ते नेहमीसारखे शाळाभर फिरायला लागले. प्रत्येकाला एकच विचारायचे, "पोरगी घरी गेली हे तुमाले कसं कळते?" शिक्षक म्हणाले, वर्गात दिसत नाही म्हणून. अधीक्षिका म्हणाल्या, पालक अर्ज देतात, पण कधी देतात, कधी देत नाहीत. शेवटी ते स्वयंपाकघरात गेले.

तिथं एक कोलाम आदिवासी बाई मुलींशी त्यांच्या कोलामी भाषेत बोलत भाजी निवडत होत्या. कंट्रोलरांनी आपलं स्टूल मांडलं आणि तोच प्रश्न विचारला.

"कळावंच लागते ना," बाई म्हणाल्या. "तांदूळ कोनाचा टाकू नि कोनाचा नाही?"

"लक्षात ठेवता का?"

"लक्षात कसं राहीन? रोज सकाळी दहावीची एक पोरगी लिहून देते. कोन गेलं, कोन आलं. त्यावरून मी टाकते."

"ते लिहिलेलं कुठं जाते?"

बाईंनी हात पुसले आणि डाळीच्या कोठीमागून वह्यांचा गठ्ठा काढला. तेलाचे डाग पडलेल्या, कोपरे दुमडलेल्या सतरा-अठरा वह्या. रोजची तारीख, घरी गेलेल्या मुलींची नावं, परत आलेल्यांची नावं. अक्षर दर आठवड्याला बदललेलं, पण एकही दिवस सुटलेला नव्हता. बाबू त्या वह्या उघडून बघत उभे राहिले. त्यांना बसायचं सुचेना. कंट्रोलरांनी त्यांना स्वतःचं स्टूल दिलं. ते कोणाला स्टूल देताना मी पहिल्यांदा पाहिलं.

चार दिवस आम्ही तिघं त्या वह्यांवरून हजेरी भरत होतो. कंट्रोलर नाव वाचायचे, दोनदा. बाबू तारीख सांगायचे. मी भरायची. एखादं अक्षर लागलं नाही तर बाईंना विचारायचो आणि त्या मुलीला हाक मारून खात्री करून द्यायच्या. चौथ्या दिवशी दुपारी पट पुरा झाला. छापील महिन्यांशी ताडून पाहिला, जुळला. मुख्याध्यापकांनी पट आणि वह्या दोन्ही पाहून सही केली आणि नोटीस मागे घेतो म्हणाले. मग चहाच्या वेळी सगळ्यांसमोर बाबूंना म्हणाले, "आता तरी वाचत जा."

"हो सर," बाबू म्हणाले. "वाचायचंच राहून गेलं माह्यं."

कंट्रोलरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होते. त्यांनी नजर फिरवली आणि बाईंना विचारलं की परतीची गाडी फाट्यावर थांबते का. खरं तर त्यांना स्वतःला ते माहीत होतं.

परत आल्यावर पान मी बदललं. घेऊ नये ही ओळ सगळ्यांत आधी, नावाच्याही आधी, मोठ्या अक्षरात. चौकटी लहानमोठ्या झाल्या, दिसायला वेड्यावाकड्या. मला वाटलं होतं कंट्रोलर ती पुसणारी पुरवणी काढूनच टाका म्हणतील. ते म्हणाले, राहू द्या, ज्या शाळेनं मागचं सगळं कागदावर ठेवलं असेल तिला ती लागते. फक्त दाबल्यावर आधी एक प्रश्न यावा : मागची हजेरी कोणाला लागणार आहे का? हो म्हटलं की ती पुरवणी जोडलीच जात नाही. त्यानंतर आमच्या पुरवण्या घेणारे कमी झाले. सर महिनाभर काळजीत होते. मग लक्षात आलं की काढून टाकणारे त्याहून कमी झालेत आणि तक्रारीचे फोन तर आठवड्याला दोन-तीनवर आलेत.

त्यावरूनच ते ऑफिस सोडून गेले. एका सोमवारी सरांना म्हणाले, "खिडकीवर गर्दी नाही. लोकायले पाटी वाचता येऊन राह्यली. आता मी इथं बसून काय करू?" सरांनी खूप समजावलं. नवीन काम देतो म्हणाले. कंट्रोलरांनी विचारलं, कोणतं? सरांना लगेच सांगता आलं नाही. "मंग नाही," कंट्रोलर म्हणाले आणि शुक्रवारी त्यांचा शेवटचा दिवस ठरला. नातू दीड वर्षाचा झाला होता. मुलगी शाळेत गेली की त्याला सांभाळायला कोणी नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही त्यांना बाभुळगावच्या गाडीत बसवून दिलं. गाडी निघेपर्यंत ते खिडकीतून शेजारच्या फलाटावर कोणती गाडी लागली आहे ते एका म्हाताऱ्याला सांगत होते. गाडी गेल्यावर सर आणि मी पायी परत निघालो. मी सरांना म्हटलं, "एक सांगायचं राहिलं आहे. ती आश्रमशाळेची ओळ फोनच्या पानावरून मी काढली होती."

"माहीत आहे," सर म्हणाले. "कंट्रोलरांनी त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही सगळे बाहेर गेल्यावर मी त्यांना विचारलं, कोणी काढली? मी विचारलं म्हणून सांगितलं."

"मग तुम्ही मला काही बोलला नाहीत."

"ते म्हणाले, तिले बोलू नका, तिले कळलं हाय. मी म्हटलं, निदान त्या बाबूला तरी कळवायला हवं. तर म्हणाले, ते ती सोताच सांगन, तुमी मधात पडू नका." सर माझ्याकडे वळले. "सांगितलंस ना?"

मी सांगितलं नव्हतं. वर्ष उलटून गेलं होतं. पांढरकवड्याहून परतताना अडीच तास कंट्रोलर माझ्या शेजारी बसून होते आणि त्यांनी हा विषय काढला नव्हता. ते धरून चालले होते की मी सांगणार, किंवा सांगून झालं.

आम्ही ऑफिसात पोचलो. सर आपल्या खोलीत गेले. मी गच्चीत जाऊन बाबूंना फोन लावला. त्यांनी लगेच ओळखलं, घरच्यांची चौकशी केली, दहावीच्या त्या सगळ्या मुली परीक्षेला बसल्या आणि बऱ्याच पास झाल्या हेही सांगितलं. मी त्यांना मध्येच थांबवलं.

"बाबू, ती हजेरी पुसली गेली तेव्हा, पुसते असं लिहिलेली ओळ तुमच्या फोनवर समोर नव्हती. कंट्रोलरांनी लिहिली होती, पण फोनवरच्या चौकटीतून मी काढली होती. तुमचं वाचायचं राहिलं नव्हतं."

बाबूंनी आधी खात्री करून घेतली.

"म्हंजे मी बराबर वाचलं होतं?"

"हो. जेवढं होतं तेवढं तुम्ही वाचलं होतं."

"एक मिनिट, मॅडम," ते म्हणाले. मग फोन बाजूला धरून त्यांनी कोणाला तरी हाक मारली. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, पावलं जवळ आली.

"बायको हाय," बाबू म्हणाले. "मी स्पीकरवर टाकतो. तिले जरा पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.